शिवेची मौज कोणास?

गेल्या वैशाखात पुण्यातील एका व्याख्यानमालेत आमच्या एका विद्वान स्नेह्यांचे सीमांच्या गमतीजमतींवर व्याख्यान झाले. विषय नवा, चित्रे सुरेख आणि वक्त्यांची वाणी रसाळ. त्यामुळे श्रोतृवर्ग दीड तास हसत होता. बेल्जम आणि हॉलंड यांच्या सरहद्दीवर बार्ले नावाचे गाव आहे. तेथे हॉलंडच्या पोटात बेल्जमचे तुकडे आणि त्या तुकड्यांच्या पोटात पुन्हा हॉलंडचे तुकडे असा प्रकार असून, रस्त्यावर पांढऱ्या फुल्या काढून सीमा दाखवलेली आहे, आणि एखादे घर कोणत्या देशातले हे त्याच्या पुढच्या दारावरून ठरते. कुचबिहारचा राजा आणि रंगपूरचा फौजदार बुद्धिबळ खेळताना एकेक गाव पणास लावीत, म्हणून त्या मुलुखात देशाच्या आत देश आणि त्याच्या आत पुन्हा देश निर्माण झाले, ही कथाही आम्ही ऐकली. शेवटी स्नेही आपल्या महाराष्ट्राकडे वळले. चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यात अगदी सीमेवर एक घर आहे. त्याच्या चार खोल्या महाराष्ट्रात आणि चार तेलंगणात. पाहुण्याने जेवावे महाराष्ट्रात आणि हात धुवून झोपावे तेलंगणात, असे वक्त्यांनी म्हणताच टाळ्यांचा कडकडाट झाला. आम्हीही टाळ्या वाजवल्या. हे आरंभीच कबूल केलेले बरे, कारण पुढे जे लिहावयाचे आहे ते त्या टाळ्यांविरुद्ध आहे.

आमचे बिऱ्हाड गेली सात वर्षे पिरंगुटास आहे. व्याख्यान आटोपून आम्ही घरी निघालो, चांदणी चौक मागे पडला, बावधन आले आणि गेले, आणि पुणे महानगरपालिकेची हद्द संपली. पुढे भूगाव, भुकूम आणि मग पिरंगुटचा लहानसा घाट. या अवघ्या वाटेवर समोरून पाण्याचे टँकर येत होते. सहज चाळा म्हणून आम्ही ते मोजू लागलो. घाट चढेपर्यंत एकोणीस झाले. हद्दीच्या बाहेरच्या विहिरींचे पाणी हद्दीच्या आतल्या गृहसंकुलांकडे निघाले होते. भुकूमच्या पुढे एका वस्तीपाशी दोन बाया हंडे ओळीने मांडून सार्वजनिक नळाशी बसलेल्या दिसल्या. रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. त्या टँकरांकडे पाहतसुद्धा नव्हत्या. त्यांस ते रोजचेच असावे. दीड तास ज्या सीमांना आम्ही हसत होतो त्यांतलीच एक सीमा आम्ही नुकतीच ओलांडली होती, आणि तीवर हसण्याजोगे काही आढळेना.

सीमा ही मौजेची वस्तू आहे असे ज्यांस वाटते ते सीमेपासून दूर राहणारे असतात, असे आमचे मत त्या रात्री बनले व पुढे ते दृढ झाले. सुशिक्षितांमध्ये सांप्रत दोन मते प्रचलित आहेत. एक असे की, सीमा म्हणजे कागदावरची रेघ, राजेरजवाड्यांच्या लहरीचा अवशेष. शहाण्याने तिला हसावे व पुढे जावे. दुसरे असे की, रेघ चुकीच्या जागी पडली आहे एवढेच. ती जरा पलीकडे सरकवली की प्रश्न मिटला. ही दोन्ही मते आम्हांस सारखीच निष्काळजीपणाची वाटतात. पहिल्यात हसून अंग काढून घेता येते, दुसऱ्यात अर्ज करून. रेघेच्या दोन बाजूंच्या माणसांनी एकमेकांचे काय देणे लागते, हा जो खरा प्रश्न, तो दोन्हीकडे अनुत्तरित राहतो.

आमच्या स्नेह्यांची उदाहरणेच घेऊ. बार्ले गावाची मौज खरी आहे. परंतु ती का खरी आहे? तेथील दोन्ही सरकारे संपन्न आहेत, परस्परांशी त्यांचे सख्य आहे, आणि फुलीच्या अलीकडे वा पलीकडे जन्मलेल्या मुलास शाळा व दवाखाना मिळावयाचा तो मिळतोच. पोट भरलेल्याच्या दारात रेघ रांगोळीसारखी शोभते. कुचबिहारकडे पाहावे. बुद्धिबळाची कथा रसाळ आहे, पण ती दंतकथा आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी मोगल आणि कुचबिहार यांच्यात तह झाला तेव्हा विखुरलेली गावे ज्याच्या ताब्यात होती त्याच्याकडे राहिली. पुढे १९४७ ची फाळणी आणि १९४९ साली कुचबिहारचे भारतात झालेले विलीनीकरण यांमुळे त्या जुन्या जमाबंदीवरून दोन राष्ट्रांची सीमा गेली. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री भारताचे १११ आणि बांगलादेशाचे ५१ असे तुकडे परस्परांत बदलले गेले. त्यापूर्वीची सहासष्ट वर्षे त्या तुकड्यांतील रहिवाशांना स्वदेशाचे सरकार कधी दिसत नसे आणि सभोवतालचे सरकार त्यांना ओळखत नसे. मुलास शाळेत घालावयाचे तर पलीकडच्या गावातील कोणा गृहस्थाचे नाव बाप म्हणून लावावे लागे. आपल्या मुलाच्या नावापुढे परक्याचे नाव लिहिणाऱ्या त्या बापास बुद्धिबळाची कथा सांगून पाहावी, म्हणजे ती किती रसाळ आहे हे कळेल.

आणि जिवतीचे ते घर? त्या तालुक्यातील चौदा गावांवर महाराष्ट्र व तेलंगण ही दोन्ही राज्ये हक्क सांगतात. गावकऱ्यांजवळ दोन्हीकडच्या शिधापत्रिका आहेत, नावे दोन्हीकडच्या मतदारयाद्यांत आहेत. ऐकणाऱ्यास वाटते, काय चैन आहे! दोन घरचे जेवण! परंतु दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण आपल्याकडे उगाच झालेली नाही. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचा पट्टा मिळावा ही त्या लोकांची जुनी मागणी आहे, आणि मते मागण्यास दोन राज्ये आली तरी पट्टा देण्यास एकही लगबगीने येत नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या त्या या गोष्टीला.

एवढ्यावरून आम्ही सर्व सीमा पुसून टाकाव्या असे म्हणणाऱ्यांच्या पक्षास मिळालो, असे कोणी समजू नये. रेघ कित्येकदा आसराही देते. १९४८ पूर्वीचा आपल्या प्रांताचा नकाशा ज्यांनी पाहिला असेल त्यांस तो ठिगळांच्या वाकळेसारखा आठवत असेल: पुणे, सातारा आणि कुलाबा या जिल्ह्यांमध्ये पसरलेले पंत सचिवांचे भोर, कृष्णाकाठची मिरज व कुरुंदवाड यांची थोरली-धाकटी पाती, आणि पार विजापुरापर्यंत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले औंध. औंधाची गावे उणीपुरी बहात्तर. परंतु बेळगावास ज्यांच्या कारखान्याला जागा उरली नाही त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली कुंडल रोडजवळचा माळ मिळाला तो या चिमुकल्या संस्थानाच्या हद्दीत, बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या औदार्यामुळे. १९३९ साली त्याच संस्थानाने आपल्या प्रजेला जबाबदार राज्यपद्धती दिली, तेव्हा बांधापलीकडच्या इंग्रजी सातारा जिल्ह्यातील शेतकऱ्याला ती ठाऊकही नव्हती. आणि ४२ च्या चळवळीनंतर नाना पाटलांच्या प्रतिसरकारातील मंडळींना कुंडलसारख्या गावी पाय टेकावयास जागा मिळे, याचे एक कारण असे की कुंडल औंधात होते. पोलिसांच्या पाठलागाला हद्दीचा अडथळा होई. यास्तव, रेघ म्हणजे केवळ मूर्खपणा, हे मत इतिहासाने टिकत नाही. एखाद्या रेघेमागे आपली जबाबदारी ओळखणारा माणूस उभा असेल तर तीच रेघ दुबळ्याचे कवच होते.

आपल्या भाषेतही सीमेला पुष्कळ शब्द आहेत, आणि त्यांची जात एक नाही. शेताचा तो बांध, गावाची ती शीव, वस्तीची ती वेस, सरकारची ती हद्द. पैकी शीव हा शब्द आम्हांस विशेष प्रिय आहे. मुंबईचे शीव स्थानक रोज लाखो लोक ओलांडतात. इंग्रजांचे मुंबई बेट जेथे संपे आणि पलीकडे पोर्तुगिजांची साष्टी लागे ती ही शीव, म्हणून सतराव्या शतकात तेथे किल्ला बांधला गेला. इंग्रजीतल्या विचित्र लेखनामुळे आपल्यातलेच कित्येक त्या नावाचे मूळ विसरून गेले, तो भाग निराळा. परंतु खेड्यातली शीव किल्ल्याने राखली जात नसे. ती रिवाजांनी राखली जाई. दसऱ्यास गावकरी शीव ओलांडून सोने लुटून परत येत. वऱ्हाड आले म्हणजे वधूपिता शिवेपर्यंत सामोरा जाऊन नवरदेवाचे पाय धुई. सीमांतपूजन हे नाव त्यामुळेच पडले. आता आमच्या या पौड रस्त्यावर जी मंगल कार्यालये उभी आहेत त्यांत आदल्या सायंकाळी सीमांतपूजन होते ते वातानुकूलित दिवाणखान्यात, दोन्ही पक्ष एकाच दाराने आत येतात, आणि पूजन कोणत्या सीमेचे हे भटजींनाही विचारण्याची सोय नसते. असो.

त्या जुन्या शिवेचा गौरव करण्याच्या भरात आम्ही तिचे पाप मात्र झाकणार नाही. गावागावांत शिवेचा तंटा लागला म्हणजे साक्ष कोणाची प्रमाण मानीत? महाराची. शीव कोठून कोठे जाते, कोणता दगड कोणत्या झाडाखाली पुरला आहे, हे पिढीजात ज्ञान त्याच्याजवळ असे, आणि पाटील-कुळकर्ण्यांची तोंडे तेथे बंद होत. ज्याला गावाने वेशीच्या आत राहू दिले नाही, त्याच्याच शब्दावर गावाची शीव उभी! आपल्या पूर्वजांना या व्यवस्थेतली विसंगती दिसली नाही, असे आम्हांस वाटत नाही. ती त्यांच्या सोयीची होती. आणखी एक रिवाज सांगतो. पटकीची साथ आली म्हणजे मरीआईचा गाडा सजवीत, वाजतगाजत तो गावाच्या शिवेपर्यंत ओढून नेत आणि पलीकडच्या गावाच्या हद्दीत सोडून मागे वळून न पाहता परत येत. पलीकडच्या गावानेही मग तेच करावे. आपली पीडा शेजाऱ्याच्या शिवेत लोटणे यालाच उपाय म्हणत.

हा रिवाज बंद झाला अशी आमची समजूत होती. पुण्याचा कचरा पाहिल्यावर ती राहिली नाही. आमच्या लहानपणी शहराचा कचरा कोथरूडला पडे, कारण कोथरूड म्हणजे त्या वेळी शहराबाहेर. पुढे कोथरूडला पांढरपेशांची घरे झाली, त्यांस वास सहन होईना, तेव्हा गाडा उरुळी देवाची आणि फुरसुंगी यांच्या शिवेत लोटण्यात आला. ही दोन गावे तेव्हा महापालिकेच्या हद्दीत नव्हती. शहराची घाण हद्द ओलांडून कितीतरी वर्षे आधी गेली आणि शहराची हद्द तिच्या मागून २०१७ साली तेथे पोचली. बरे, पोचली ती राहिली काय? २०२४ साली ही दोन गावे पुन्हा महापालिकेतून वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. हद्द आली तशी गेली; कचऱ्याचे डोंगर मात्र हद्दीबरोबर उठून परत आले नाहीत.

यावर दुसऱ्या मताचे लोक म्हणतील की, म्हणूनच हद्द एकदाची नीट वाढवा. पिरंगुटही आत घ्या, पौडही घ्या. हा पूर्वपक्ष आमच्या शेजारच्या बंगल्यांतून आम्ही रोज ऐकतो, आणि तो मांडणारे चांगले शिकलेले लोक आहेत. त्यांचा मुख्य हेतू आपल्या जागेचा भाव वाढावा हा असला तरी तो ते बोलून दाखवीत नाहीत. त्यांस आमचे सांगणे असे की, हद्दवाढीचा इतिहास जरा चाळावा. १९९७ साली अडतीस गावे महापालिकेत आली. काही वर्षांतच त्यांतली पंधरा पूर्णपणे आणि काही अंशतः बाहेर काढली गेली. २०१७ साली अकरा आत आली, २०२१ साली आणखी तेवीस. त्यांत आमच्या मुळशी तालुक्यातील बावधन बुद्रुक, सूस आणि म्हाळुंगे ही होती. भूगाव, भुकूम, पिरंगुट बाहेर राहिली. २०१५ पासून आमच्या बांधकामांना परवानगी द्यावयाची ती महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, घरपट्टी घ्यावयाची ती ग्रामपंचायतीने, शाळा चालवावयाची ती जिल्हा परिषदेने, आणि मोठा रस्ता राष्ट्रीय महामार्गवाल्यांचा. त्या रस्त्याच्या कडेचे गटार तुंबले तर कोणाकडे जावे हे आम्ही सात वर्षांत शिकलो नाही. एका कचेरीत आम्हांस दुसरीचा पत्ता दिला, दुसरीत तिसरीचा, आणि तिसऱ्या कचेरीतील सभ्य कारकुनाने पहिल्या कचेरीचा. परंतु हद्दीच्या आत गेलेल्या बावधनातले आमचे मित्र काय सांगतात? कर आधी आला, नळाचे पाणी मागून येत आहे, आणि तोवर टँकर आहेतच. टँकर कोठले? आमच्याकडचे.

रेघ हलवल्याने तहान केवळ एका गावाकडून पुढच्या गावाकडे सरकते, याला आमच्या तालुक्याहून मोठा साक्षीदार नाही. सह्याद्रीची धार ही निसर्गाने घातलेली शीव: पूर्वेकडे पडलेला थेंब भीमा-कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागरास जावयाचा आणि पश्चिमेकडे पडलेला कोकणात उतरावयाचा. शंभर वर्षांपूर्वी टाटा कंपनीने मुळशीजवळ निळा व मुळा यांच्या संगमाशी धरण घातले आणि ही शीव फोडली. मुळेचे पाणी बोगद्यातून घाटाखाली भिऱ्यास नेले, तेथे १९२७ पासून त्याची वीज होऊन ती मुंबईस जाऊ लागली, आणि काम झालेले पाणी कुंडलिकेतून अरबी समुद्रास मिळू लागले. १९२१ च्या रामनवमीस ‘जान या जमीन’ म्हणत जे मावळे त्या बांधावर बसले, सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी जो सत्याग्रह १९२४ पर्यंत चालवला, त्याची हकीकत वाचकांस ठाऊक आहे. मुंबईस वीज नको होती असे आम्ही म्हणत नाही. आमचा मुद्दा एवढाच की, देवाने घातलेली शीव फोडण्यास जेव्हा बळ लागले तेव्हा ते मिळाले. आणि ज्यांची गावे पाण्याखाली गेली त्यांनी आपल्या देण्याची मागणी केली तेव्हा मात्र हद्दी, दफ्तरे आणि अधिकार यांचे डोंगर उभे राहिले. घेण्याच्या वेळी रेघ दिसत नाही, देण्याच्या वेळी ती ठळक होते. सीमांची एखादी गंमत सांगावयाचीच असेल तर आमच्या स्नेह्यांनी पुढल्या व्याख्यानात ही सांगावी.

भाषेच्या सीमेविषयी लिहिताना लेखणी थोडी अडखळते. बेळगाव आणि तो सीमाभाग यांविषयी प्रत्येक मराठी माणसाला जे वाटते तेच आम्हांस वाटते. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, पुढील वर्षी त्याचा अहवाल आला, महाराष्ट्राला तो मान्य झाला नाही, आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. तो न्याय्य आहे असे आमचे प्रांजळ मत आहे. परंतु याच अभिमानाच्या भरात आपण एक गोष्ट ऐकून न ऐकल्यासारखी करतो. सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातील दुष्काळी गावांनी पाणी मिळत नाही म्हणून कर्नाटकात जाण्याचा ठराव २०१२ साली केला होता. २०२२ च्या हिवाळ्यात कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी तो उकरून काढला तेव्हा आपल्याकडे केवढा गहजब झाला! त्याच सुमारास नाशिक जिल्ह्याच्या सुरगाणा तालुक्यातील सीमेवरची गावे, आम्हांस गुजरातेत जाऊ द्या, असे म्हणू लागली. त्या गावकऱ्यांच्या मराठीपणाविषयी वर्तमानपत्रांतून शंका घेतल्या गेल्या. घसा कोरडा पडलेल्याने कोणत्या भाषेत पाणी मागावे यावर ओल्या घशाच्या माणसाने व्याख्यान देणे आम्हांस शोभत नाही. अलीकडच्या बाजूस आपण काय दिले, हे आधी पाहावे. मग पलीकडचे मागावे. दोन्ही करता येते. सध्या आपण एकच करीत आहोत, आणि तेही सभांतून.

आता वाचक विचारतील की, हा जो एवढा उपदेश करतो त्याची स्वतःची शीव कशी आहे? प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळावा असे मनात आले नव्हते असे नाही.

आमचा प्लॉट पाच गुंठ्यांचा आहे. तेहतीस फुटांची शंकुसाखळी एकदा लांबीत व एकदा रुंदीत टाकली म्हणजे एक गुंठा, हे गणित आम्ही येथे आल्यावर शिकलो. असे बारा प्लॉट एका ओळीत असून सर्वांचे मालक आमच्यासारखेच पुण्यातून आलेले आहेत. त्यांच्या मागे एका वृद्ध शेतकऱ्याचे भातखाचर आहे. गावात सर्व त्यांस तात्या म्हणतात. तीन वर्षांपूर्वी आम्ही सर्वांनी मिळून मोजणी आणवली, भूकरमापकाने हद्दीच्या खुणा दाखवल्या, आणि आम्ही त्या खुणांवर सहा फूट उंच भिंत घातली. भिंत कायदेशीर होती. एक इंचही आम्ही कोणाचा घेतला नव्हता, उलट दोन ठिकाणी थोडा सोडला होता. भिंत पुरी झाली त्या दिवशी तात्या आले, दगडांच्या खुणा त्यांनी स्वतः वाकून पाहिल्या, आणि म्हणाले, “दगड तुमचा खरा हाये सर, मोजणीत खोट न्हाई. पर वाट आमची हाये. माझ्या आज्याची गुरं ह्याच बांधावरनं जायची.”

आम्ही त्यांस समजावून सांगितले की, नकाशात वाट दाखवलेली नाही. ते ऐकून गेले.

कुंपणाच्या भिंतीवरची एक इंग्रजी कविता आम्ही पंचवीस वर्षे विद्यार्थ्यांना शिकवीत आलो आहोत, तीवर प्रश्न काढले आहेत, उत्तरे तपासली आहेत. ती आम्हांस त्या दिवशी आठवली नाही. आठवली ती व्याख्यानाच्या रात्री, घाट उतरताना. दुसऱ्या दिवशी आम्ही कायद्याची पुस्तके चाळली. १९०६ च्या मामलेदार न्यायालयांच्या कायद्यात पाचव्या कलमाखाली वहिवाटीच्या वाटेतील अडथळा दूर करण्याचा अधिकार तहसीलदाराला दिलेला आहे. परंतु त्याहून आम्हांस चकित केले ते १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या १४३ व्या कलमाने. ज्या शेतकऱ्यास आपल्या शेतात जाण्यास वाट नाही त्याला दुसऱ्यांच्या शेतांच्या सीमांवरून वाट द्यावी, असे ते कलम सांगते. सीमांवरून! आम्ही ज्या रेघेवर भिंत घातली ती रेघ म्हणजेच वाट, हे तात्यांना तोंडपाठ होते आणि सरकारलाही लेखी मान्य होते. ठाऊक नव्हते ते फक्त आम्हां सुशिक्षितांना. दोन शेतांमधला बांध हीच काय ती अशी जागा की जीवर दोन्ही शेजाऱ्यांनी पाय ठेवला तर कोणी कोणास हटकीत नाही.

आम्ही तात्यांकडे गेलो आणि सांगितले की, तुम्ही पौडास तहसीलदारांकडे अर्ज करा, आम्ही तुमच्या बाजूने लिहून देतो. ते ओसरीवर दोरखंड वळीत बसले होते. म्हणाले, “कज्जा कशाला, सर? तुमी श्येजारी हाये.” आणि आत चहा सांगितला.

पावसाळ्याच्या तोंडावर बारा प्लॉटवाल्यांची सभा झाली. भिंतीच्या शेवटच्या टोकाशी आठ फूट रुंदीची मोकळी जागा सोडावी आणि वाट वहिवाटीस खुली करावी, असा ठराव आम्ही मांडला. चोरीचे भय, गुरांचे शेण, पुढेमागे प्लॉट विकताना येणारी अडचण, एकदा वाट दिली म्हणजे तिचा हक्क होतो ही भीती, असे आक्षेप निघाले; शेवटचा आक्षेप खरा आहे. एका गृहस्थांनी असेही सुचवले की, लवकरच पिरंगुट महापालिकेत जाणार, मग शेतच राहणार नाही, तेव्हा आत्ता भिंत कशाला फोडावी? ठरावाच्या बाजूने आम्ही आणि कोपऱ्यावरच्या प्लॉटच्या एक निवृत्त मुख्याध्यापिकाबाई, अशी दोन मते पडली, विरुद्ध दहा.

तात्यांच्या दोन गाई सध्या मोठ्या रस्त्याने वळसा घालून खाचराकडे जातात. त्या रस्त्याला सकाळी कारखान्यांच्या मालमोटारींची रांग असते, म्हणून ते पहाटे पाचालाच निघतात. आम्हांस त्यांच्या काठीचा आवाज भिंतीच्या बाहेरून ऐकू येतो. पुढली सभा दिवाळीनंतर आहे. ठराव आम्ही पुन्हा दिला असून, बाईंनी त्याखाली अनुमोदन म्हणून सही केली आहे. या खेपेस कलम १४३ ची प्रत सोबत जोडली आहे, आणि भिंत फोडण्याचा खर्च आम्ही दोघे देऊ असेही लिहिले आहे.